एलईडी भिंतीसाठी चित्रफीत: फोटो आणि आवाज प्रोजेक्टमध्ये आणण्याच्या नोंदी

काम असं आहे: नारायण पेठेतल्या एका गणेश मंडळाचं यंदा ७५ वं वर्ष. मांडवाशेजारी एलईडी भिंत लागणार आणि तिच्यावर चार मिनिटांची चित्रफीत दहा दिवस फिरत राहणार. हाताशी १९५१ पासूनचे फोटो, ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग, थोडी सनई, एक जुनी कॅसेट आणि निवेदन. सॉफ्टवेअर आफ्टर इफेक्ट्स (फोटो आणि अक्षरं हलवून चित्रफीत करण्याचं), मशीन ३२ जीबी रॅमचं. ॲनिमेशन कसं करायचं ते इथे नाही, ते शिकवणारे गल्लोगल्ली आहेत. फोटो आणि आवाज प्रोजेक्टच्या आत घेईपर्यंत काय काय अडतं, तेवढंच लिहितो आहोत. गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला.

५ जुलै २०२५, शनिवार

पहिला फोटो हातात घेण्याआधी भिंतीचं माप मागवलं. भाड्याने देणारे "बारा बाय आठ" असं फुटांत सांगतात, त्यावर काम सुरू करायचं नाही. कॅबिनेट (भिंत ज्यांची जोडून बनते ते चौकोनी तुकडे) किती आणि पिच (शेजारच्या दोन पिक्सेलांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये) किती, हे दोनच प्रश्न विचारायचे. उत्तर आलं: ५०० बाय ५०० मिलिमीटरची कॅबिनेट, आडवी ८, उभी ५, पिच ३.९. अशा एका कॅबिनेटमध्ये १२८ बाय १२८ पिक्सेल असतात. म्हणजे अख्खी भिंत १०२४ बाय ६४०. मोबाईलचा साधा स्क्रीनसुद्धा याहून बारीक असतो.

प्रमाण ८:५ झालं, १६:९ नव्हे. सवयीने १९२० बाय १०८० चा कॉम्प (कॉम्पोझिशन, म्हणजे ज्या चौकटीत चित्रफीत रचायची ती) उघडला असता तर शेवटी एक तर बाजू कापल्या गेल्या असत्या, नाही तर माणसं उभी ताणली गेली असती. म्हणून मुख्य कॉम्प १९२० बाय १२००.

फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, ३०. इथे २५ ची सवय असते, पण भिंतीला चित्र पाठवणारा लॅपटॉप ६० हर्ट्झवर चालतो. ६० ला २५ ने नीट भाग जात नाही, त्यामुळे फोटो हळूहळू सरकताना बारीक हिसके दिसतात. सगळा खेळच सरकत्या फोटोंचा असताना ते चालणार नाही.

८ जुलै, मंगळवार

फोटो यायला लागले. अल्बम, पाकिटं, फ्रेमा, वर्तमानपत्राची कात्रणं, आणि अर्थात व्हॉट्सॲप. घराघरांतल्या काकूंकडे सगळ्यात चांगला साठा निघतो, कार्यकर्त्यांकडे फक्त स्वतःचे फोटो असतात.

स्कॅनर भाड्याने घेतला, दिवसाला ४०० रुपये. घेताना एकच गोष्ट पाहिली: आतला सेन्सर सीसीडी प्रकारचा आहे की सीआयएस. पातळ, यूएसबीवरच चालणारे स्कॅनर बहुतेक सीआयएस असतात आणि त्यांना खोली अजिबात नसते. फोटो काचेपासून मिलिमीटरभर उचलला गेला की तेवढा भाग धूसर. जुने प्रिंट चारही कोपऱ्यांनी वळलेले असतात, त्यामुळे मधला माणूस स्पष्ट आणि कडेचे सगळे धुक्यात. सीसीडी स्कॅनर जाडजूड असतो, पण थोडी उंची सांभाळून घेतो.

डीपीआय, म्हणजे इंचामागे किती पिक्सेल, किती ठेवायचं यावर वाद झाला. "जास्तीत जास्त ठेवा" हे ऐकायला बरं वाटतं. हिशोब मात्र असा: ४ बाय ६ इंचाचा फोटो ६०० ला ३६०० बाय २४०० पिक्सेल होतो, १२०० ला ७२०० बाय ४८००. आफ्टर इफेक्ट्स फोटो उघडतं तेव्हा जेपीईजीचा लहान आकार कामाचा नसतो. पिक्सेलमागे ४ बाइट धरायचे, तेही ८ बिटमध्ये. म्हणजे ६०० चा फोटो सुमारे ३५ एमबी आणि १२०० चा १३८ एमबी. प्रोजेक्ट १६ बिटमध्ये नेला की दोन्ही दुप्पट. एका शॉटमध्ये असे दहा फोटो उडवायचे म्हटले की मशीन बसलंच.

ठरलं ते असं. साधे प्रिंट ६०० ला. बॉक्स कॅमेऱ्याचे सव्वादोन इंची कॉन्टॅक्ट प्रिंट तेवढे १२०० ला. स्कॅन टिफमध्ये जपून ठेवायचे आणि प्रोजेक्टसाठी प्रत्येकाची वेगळी प्रत, लांब बाजू बरोबर ३००० पिक्सेल. कॉम्पची रुंदी १९२० असल्याने आडवा फोटो दीडपटीहून थोडं जास्त झूम सहन करतो. उभ्या फोटोची रुंदी २१०० च्या आसपास राहते, म्हणून उभे फोटो रुंदीभर पसरायचे नाहीत, उंचीत बसवायचे. सव्वादोन इंचीचे २७०० पर्यंतच जातात. त्यांना ताणून ३००० केलं नाही, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवले.

१४ जुलै, सोमवार

स्कॅनिंगचा सगळ्यात किचकट भाग. तीन प्रकारच्या फोटोंनी वेळ खाल्ला.

पहिले पुराचे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. मंडळाच्या पहिल्या दहा वर्षांतले जे फोटो उरलेत, त्यांतले बरेचसे भिंतीवरच्या फ्रेमांमधले आहेत. भिजले आणि वाळताना काचेलाच चिकटले. एका घरी कुणीतरी सुरी आणायला निघालं होतं. फोटो काचेवरून सोडवायचा नाही. वरचा थर काचेला राहतो आणि हातात कोरा कागद येतो. काचेसकट स्कॅन करायचा.

पण काचेवर काच आली की जिथे दोन्ही जवळजवळ टेकतात तिथे इंद्रधनुषी वलयं उमटतात, रस्त्यावरच्या साचलेल्या पाण्यात पेट्रोलचा थेंब पडावा तशी. न्यूटनची वलयं म्हणतात ती हीच. नंतर फोटोशॉपमध्ये घालवता येत नाहीत, कारण ती चेहऱ्यावरून जातात. उपाय अगदी साधा निघाला: माउंट बोर्डची मिलिमीटरभर जाडीची चौकट कापून दोन काचांमध्ये ठेवली. सीसीडी स्कॅनर असल्यामुळे तेवढी उंची चालून गेली. दोन मोठ्या फ्रेमा स्कॅनरवर मावतच नव्हत्या. त्या भिंतीला टेकवून, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दिवे ठेवून, लेन्सवर पोलरायझर लावून कॅमेऱ्याने टिपल्या.

दुसरे सत्तर-ऐंशीच्या दशकांतले रंगीत, खरखरीत सिल्क कागदावरचे. हाताला छान लागतात, स्कॅनरमध्ये मधाच्या पोळ्यासारखी जाळी उमटते. स्कॅनरचा दिवा एकाच बाजूने येतो आणि कागदाच्या प्रत्येक उंचवट्याची सावली पडते. फोटो एकदा सरळ आणि एकदा १८० अंशांत फिरवून, असा दोनदा स्कॅन केला. दुसरा उलटा करून पहिल्यावर बसवला, वरच्या लेयरची अपारदर्शकता ५० टक्के. सावल्या एकमेकींना खातात आणि जाळी बरीच विरते. फोटोशॉपचं ऑटो-अलाइन लेयर्स वापरलं, हाताने जुळवत बसलं तर चेहरे दुहेरी होतात. एका फोटोला दहा-बारा मिनिटं लागतात, म्हणून हे फक्त पूर्ण पडदाभर येणाऱ्या फोटोंसाठी. लहान चौकटीत जाणाऱ्यांना जाळीसकट सोडून दिलं, १०२४ पिक्सेलच्या भिंतीवर ती दिसणारही नाही.

तिसरी कात्रणं. वर्तमानपत्राच्या ठिपक्यांवरून कॅमेरा सरकवला की सगळ्या चित्रावर लाटा फिरतात. स्कॅनरच्या सेटिंगमध्ये छपाईचे ठिपके विरवणारं डीस्क्रीन असतं, ते वर्तमानपत्रासाठी ८५ लाइनवर ठेवून स्कॅन केलं. आधीच स्कॅन होऊन आलेल्या कात्रणांना अर्धा ते एक पिक्सेल धूसर करून मगच लहान केलं. आधी लहान करून मग धूसर केलं तर काही उपयोग नाही, लाटा तोवर पक्क्या झालेल्या असतात.

चिकट पानांच्या अल्बममधले फोटो उचकटले नाहीत. वरचं प्लास्टिक अलगद मागे घेतलं आणि अख्खं पान स्कॅनरवर पालथं घातलं.

१७ जुलै, गुरुवार

सकाळी वीज नाही. गुरुवार म्हणजे दुरुस्तीचा वार, पुण्यात हे गृहीत धरूनच कामाची आखणी करावी. दुपारी फोटो प्रोजेक्टमध्ये घ्यायला बसलो.

स्कॅनरने फाइलींना ओळीने नंबर दिलेले. इम्पोर्टच्या खिडकीत पहिली फाइल निवडली, ओके म्हटलं, आणि १८० फोटोंऐवजी प्रोजेक्टमध्ये एकच वस्तू आली: ६ सेकंदांची क्लिप. खिडकीच्या तळाशी जेपीईजी सीक्वेन्सची खूण आपोआप लागलेली असते. नंबरवार फाइली दिसल्या की सॉफ्टवेअर त्यांना चलच्चित्राच्या फ्रेमा समजतं, सेकंदाला ३०. माप पहिल्या फोटोचं घेतं, आणि मधला एखादा नंबर गायब असेल तर तिथे रंगीत पट्ट्या दाखवतं. खूण काढून टाकायची आणि सगळ्या फाइली निवडून एकदम आत घ्यायच्या.

एक्सप्लोररमधून फोल्डर ओढून टाकलं तरी हाच घोळ होतो. ऑल्ट दाबून ओढलं तर फोल्डर फोल्डर म्हणून येतं आणि आतले फोटो सुटे राहतात. हा एक तुकडा लक्षात ठेवला तरी अर्धा तास वाचतो.

नावांची पद्धत बदलली. साल, अनुक्रमांक, आणि आडव्या-उभ्याचं एक अक्षर. साल नक्की नसेल तर दशक. फाइलींची नावं रोमन अक्षरांत, मधे मोकळी जागा नाही. देवनागरी नावं आफ्टर इफेक्ट्स घेतं, पण पुढे रूपांतराच्या कमांड आणि स्क्रिप्टमध्ये कुठे अडतील याचा नेम नाही. कुणाचं आजोळ, कोण उजवीकडून तिसरा, हा तपशील वेगळ्या एक्सेलमध्ये. फाइलीच्या नावात गोष्ट लिहायची नाही.

२० जुलै, रविवार

स्कॅन बरे म्हणायचे, इतका मोबाईलवरून आलेल्या फोटोंनी ताप दिला.

व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो लांब बाजूला सुमारे १६०० पिक्सेल होऊन येतो आणि त्यात फोटो कधी काढला हेही पुसलं जातं. सगळ्यांना निरोप गेला: "फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा." तरी निम्म्यांनी फोटोच पाठवले. ते चारच्या चौकटींत लावले, एकटे पडदाभर नाहीत.

आयफोनचे हाइक (एचईआयसी) फोटो विंडोजवर कुठे उघडतात, कुठे नाही. ती फाइल उलगडणारं कोडेक बसवलंय का त्यावर अवलंबून. कोडेकच्या मागे लागलो नाही, सगळे जेपीईजी करून घेतले.

आडवे पडलेले फोटो. मोबाईल फोटो वळवत नाही, फाइलीत फक्त "हा वळवून दाखवा" अशी नोंद ठेवतो. गॅलरी ती नोंद वाचते, प्रत्येक सॉफ्टवेअर वाचेलच असं नाही. प्रोजेक्टमध्ये ९० अंशांनी फिरवून वेळ भागते, पण मग तोच फोटो दुसऱ्या चौकटीत टाकला की पुन्हा आडवा. इमेजमॅजिक या कमांडवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ऑटो-ओरिएंट पर्यायाने अख्खं फोल्डर एका फटक्यात सरळ केलं. त्यात पिक्सेलच वळवले जातात, प्रश्न मुळातून मिटतो.

फ्लेक्सवाल्याकडून आलेल्या फाइली हा स्वतंत्र अध्याय. मंडळाचं बोधचिन्ह आणि मूर्तीचा कापलेला फोटो त्यांच्याकडेच होता, आणि आला तो कोरलड्रॉच्या फाइलीत. आफ्टर इफेक्ट्स ती उघडत नाही. त्यांच्याकडूनच बोधचिन्ह पीडीएफमध्ये काढून घेतलं, अक्षरं आधी कर्व्ह करून, म्हणजे फॉन्टऐवजी नुसते आकार करून. हे सांगावंच लागतं, कारण जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर "¸ÉÒ" छापाचा कचरा होतो. पीडीएफच्या लेयरवर कंटिन्युअस रास्टरायझेशनची खूण लावली की बोधचिन्ह कितीही मोठं केलं तरी कड फुटत नाही.

त्यांचे जेपीईजी छपाईसाठीचे, म्हणजे सीएमवायके. गुलाल मातकट आणि भगवा विटलेला. फोटोशॉपमध्ये प्रोफाइल (रंग कसे वाचायचे याची फाइलीतली नोंद) जपून एसआरजीबी, म्हणजे पडद्याच्या रंगांत केले. काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्येही काही फाइलींना डॉट गेन हे छपाईचं प्रोफाइल चिकटलेलं होतं, त्यामुळे त्या शेजारच्या फोटोंपेक्षा काळवंडलेल्या दिसत होत्या. त्याही एसआरजीबी.

मूर्तीच्या कापलेल्या फोटोला काठाने पांढरी किनार. पांढऱ्या पार्श्वभूमीवर कापलेला होता आणि ती पार्श्वभूमी काठाच्या अर्धपारदर्शक पिक्सेलांत मिसळून राहिली होती. इंटरप्रेट फुटेजमध्ये अल्फा (फाइलीतली पारदर्शकतेची माहिती) स्ट्रेट, म्हणजे रंगात न मिसळलेला, धरलेला होता. तो प्रीमल्टिप्लाइड, म्हणजे मिसळलेला, करून रंग पांढरा दिला आणि किनार गेली. फोटोशॉपमध्ये काठ कुरतडत बसण्यापेक्षा हे आधी तपासावं.

आमचं ठाम मत असं झालंय की रूपांतर सगळं दारातच उरकावं. एसआरजीबी, सरळ केलेला, ३००० पिक्सेल, ठरलेलं नाव: एवढं झाल्याशिवाय एकही फोटो प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जाणार नाही. याचं कारण पुढच्या नोंदीत कळेल.

२४ जुलै, गुरुवार

चौकटी. एक फोटो सुरुवातीपासून शेवटपर्यंत हलवून त्याच्या प्रती केल्या आणि आतला फोटो बदलत गेलो. टाइमलाइनमध्ये लेयर निवडायचा, प्रोजेक्ट पॅनेलमधून नवा फोटो ऑल्ट दाबून त्याच्यावर सोडायचा. कीफ्रेम (कुठल्या क्षणी फोटो कुठे आणि केवढा याच्या खुणा), इफेक्ट सगळं जागच्या जागी राहतं आणि फोटो तेवढा बदलतो.

मेख अशी की स्केल टक्क्यांत साठवलेला असतो. ३००० पिक्सेलच्या फोटोला ६४ टक्के बरोबर बसत असेल, तर १६०० चा फोटो त्याच ६४ टक्क्यांत चौकटीच्या मध्यावर पोस्टाच्या तिकिटाएवढा होतो. सगळे आधीच एका मापाचे केले असतील तर बदलणं हा सेकंदाचा खेळ, नाही तर प्रत्येकाच्या कीफ्रेम पुन्हा. मोजके वेगळ्या मापाचे फोटो स्वतःच्या प्रीकॉम्पमध्ये (कॉम्पच्या आतला कॉम्प) ठेवले आणि तिथे कंट्रोल-ऑल्ट-शिफ्ट-एच ने रुंदीला बसवले.

रांगेतल्या ६० फोटोंचा झपाट्याचा भाग हाताने रचला नाही. सगळे निवडून नव्या कॉम्पच्या चिन्हावर टाकले, एकच कॉम्प, प्रत्येकी २० फ्रेम, सीक्वेन्स लेयर्सवर खूण, ५ फ्रेमचा ओव्हरलॅप. पहिल्यांदा क्रम उलटा आला. हा क्रम फाइलीच्या नावावरून लागत नाही, ज्या क्रमाने निवडलं त्यावरून लागतो. पहिल्यावर क्लिक, मग शिफ्ट धरून शेवटच्यावर.

बारीक नक्षीचे फोटो, जसं आरास, पैठणीचे काठ, जाळीच्या खिडक्या, हळू लहान होताना चमचमत होते. लेयरची क्वालिटी बायक्यूबिक (लहान-मोठं करण्याची जास्त नितळ पद्धत) केली, तेवढ्याने बरंच निवळलं. झूमचा रोख चेहऱ्यावर हवा असेल तर अँकर पॉइंट (ज्या बिंदूभोवती फोटो वाढतो तो) आधी चेहऱ्यावर न्यायचा आणि मग स्केल. फोटो मध्यापासून वाढवून पोझिशनने चेहरा गाठायला गेलं की वाट वाकडी होते.

२६ जुलै, शनिवार

आवाज. नदीपात्रात पथकांचा सराव जोरात आहे, संध्याकाळी तिथे जाऊन रेकॉर्डिंग केलं.

मोबाईलवर आधी घेतलेलं निकामी ठरलं. ढोलाच्या प्रत्येक घावाला मोबाईल आवाज आपोआप खाली दाबतो आणि घावांमध्ये वर ओढतो, त्यामुळे सगळं श्वास घेतल्यासारखं फुगतं आणि बसतं. शिवाय टोलाचा आवाज फाटलेला. फाटलेला आवाज कुठल्याही सॉफ्टवेअरने पुरता शिवता येत नाही.

हातातला रेकॉर्डर भाड्याने आणला, ३०० रुपये. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, आपोआप लेव्हल बंद. पथकापासून २० मीटरवर, माइकवर फोमचं टोपडं, कारण नदीवरचा वारा. ताशाची सगळ्यात मोठी थाप उणे १२ डेसिबलला ठेवली. सरावात आवाज हळूहळू चढतच जातो, सुरुवातीला उणे ६ वर ठेवलं तर पाचव्या मिनिटाला फाटतं. पथकप्रमुखाला विचारून एका ढोलाचा एकट्याचा ठेकाही दोन मिनिटं घेतला. तो पुढे फार कामाला आला.

बाकीचे आवाज: निवेदन व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोटमध्ये आलं, म्हणजे ओपस फाइल. आफ्टर इफेक्ट्स ती घेत नाही. बदलून घेतली असती, पण व्हॉइस नोटचा आवाज डबक्यातून आल्यासारखा असतो. निवेदन खोलीत गाद्या लावून पुन्हा घेतलं.

मंडळाच्या कार्यकर्त्यांनी म्हटलेल्या आरतीची ऐंशीच्या दशकातली कॅसेट मिळाली. डेकवरून घेताना आवाज फक्त डाव्या बाजूला आला, मोनो टेप. एकच चॅनेल दोन्हीकडे पसरला. ५० आणि १०० हर्ट्झची घरघर नॉच फिल्टरने (तेवढाच सूर कापणारा) काढली.

बाजारातलं गाणं वापरायचं नाही, हे मंडळाशी पहिल्याच दिवशी बोललो होतो. आरतीचे शब्द रामदासांचे, त्यावर कुणाचा हक्क नाही. पण अमुक गायकाचं ध्वनिमुद्रण वेगळी गोष्ट आहे. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क ६० वर्षं राहतो. सनई मंडळातल्याच एकाने वाजवली, त्याचं परवानगीचं पत्र फाइलीत लावलं. पथकाचंही.

२९ जुलै, मंगळवार

सगळ्या आवाजांच्या वेव फाइली, ४८ किलोहर्ट्झ. ४४.१ ची फाइल आणली म्हणून गाणं पळत सुटतं असं नाही, आफ्टर इफेक्ट्स बदलून घेतं. तरी सगळं एकाच दराचं असेल तर पुढे ऑडॅसिटी (आवाज कापण्याचं सॉफ्टवेअर), आफ्टर इफेक्ट्स आणि शेवटची फाइल यांत वेळा जुळतात.

एमपी३ मात्र खरोखर घात करते. तिच्या सुरुवातीला एन्कोडर आणि डीकोडर मिळून साधारण ११०५ सॅम्पलची शांतता जोडतात, ४४.१ ला २५ मिलिसेकंद. कुठलं सॉफ्टवेअर ती कापतं, कुठलं ठेवतं. ३० च्या रेटने एक फ्रेम ३३ मिलिसेकंदांची, म्हणजे पाऊण फ्रेमचा फरक. सनईला कळत नाही, ढोलाच्या घावावर फोटो आपटायचा असेल तर कळतं. ऑडॅसिटीत एमपी३ वर मोजलेल्या वेळा आफ्टर इफेक्ट्समध्ये एकसारख्या मागे पडत होत्या, त्याचं मूळ हे. वेव केली आणि पहिल्या घावाच्या अगदी तोंडाशी कापली.

पथकाची मोबाईलवरची दृश्यंही होती. मोबाईल फ्रेम रेट सतत बदलत ठेवतो, त्यामुळे शेवटाकडे टिपरू एकीकडे आणि आवाज दुसरीकडे. हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कॉन्स्टंट ३० करून घेतली.

२ ऑगस्ट, शनिवार

आवाजाने फोटो हलवणं. कन्व्हर्ट ऑडिओ टू कीफ्रेम्स चालवलं की ऑडिओ ॲम्प्लिट्यूड नावाचा नल (न दिसणारा लेयर) येतो आणि त्यात फ्रेमगणिक आवाजाचा आकडा. पण तो आकडा कॉम्पमधल्या सगळ्या आवाजाचा. सनईची लांब सूरपट्टी आली की फोटो फुगून तसाच राहायचा आणि निवेदक बोलला की थरथरायचा.

इथे एकट्या ढोलाचं रेकॉर्डिंग कामाला आलं. ऑडॅसिटीत १५० हर्ट्झच्या वरचं सगळं काढून टाकलेली त्याची प्रत वेगळ्या कॉम्पमध्ये एकटी ठेवली आणि कीफ्रेम तिथे काढल्या. मग लिनियर एक्स्प्रेशन, म्हणजे एका आकड्यावरून दुसरा ठरवणारं छोटं सूत्र: आकडा १२ च्या खाली असेल तर स्केल १००, ३८ ला १०५. त्याहून जास्त केलं तर पाहणाऱ्याला चक्कर येते. आकड्यांचे चढउतार सपाट करणारा स्मूदर लावून पाहिला, घावाची धार गेली, काढून टाकला.

मोठ्या बदलांसाठी मार्कर (टाइमलाइनवरच्या खुणा) हातानेच. गाणं चालू ठेवून नमपॅडवरचं गुणिले चिन्ह दाबत जायचं. लॅपटॉपला नमपॅड नव्हता, तपकीर गल्लीतून यूएसबीचा सुटा आणला, ३५० रुपये. ऐकून दाबलेला मार्कर दोन ते चार फ्रेम उशिरा पडतो, माणसाचा हात आहे. एल दोनदा दाबून आवाजाची लाट उघडायची आणि मार्कर टोकावर मागे सरकवायचे.

आवाज विझवताना लेव्हल अगदी तळाला नेली तर तो पहिल्या काही फ्रेममध्येच ऐकू येईनासा होतो, विझल्यासारखा वाटत नाही, तुटतो. उणे ४८ डेसिबलपर्यंत नेलं आणि शेवटची कीफ्रेम ईझ, म्हणजे हळुवार थांबणारी, केली.

९ ऑगस्ट, शनिवार

राखी पौर्णिमा, माणसं कमी. प्रोजेक्ट दुसऱ्या मशीनवर नेला तर सगळीकडे रंगीत पट्ट्या. प्रोजेक्टच्या फाइलीत फोटो नसतात, फोटोंचे पत्ते असतात, आणि काही फोटो थेट पेन ड्राइव्हवरून आणि डाउनलोडच्या फोल्डरमधून ओढलेले होते. पहिल्या मशीनवर फाइल मेनूतून डिपेंडन्सीज, कलेक्ट फाइल्स केलं. सगळं एका फोल्डरमध्ये गोळा झालं. एखादी फाइल हरवलेली असेल तर एकीलाच नवा पत्ता द्यायचा, त्याच फोल्डरमधल्या बाकीच्या आपोआप सापडतात.

फोटोंखालच्या ओळींत "वि" चं "िव" झालेलं. प्रेफरन्सेसमध्ये टाइप या भागात टेक्स्ट इंजिन साउथ एशियन केलं, प्रोजेक्ट बंद करून पुन्हा उघडला. फॉन्ट कलेक्ट फाइल्समध्ये सगळे येतीलच असं धरायचं नाही, हाताने फोल्डरमध्ये ठेवले.

१६ ऑगस्ट, शनिवार

रेंडर, म्हणजे रचलेल्या कामाची व्हिडिओ फाइल काढणं. एकदम एच.२६४ (दाबून लहान केलेली फाइल) काढली नाही. आधी प्रोरेस ४२२ (कमी दाबलेली, मोठी फाइल), चार मिनिटांची साधारण ५ जीबी. एखादा फोटो शेवटच्या क्षणी बदलला तर तेवढाच तुकडा रेंडर करून जोडता येतो. आणि बदललाच: अध्यक्षांच्या वडिलांच्या फोटोखाली साल चुकीचं छापलं होतं.

भिंतीसाठीची फाइल अशी: १९२० बाय १०८० चा काळा कॉम्प, त्यात १०२४ बाय ६४० ला आणलेली चित्रफीत डाव्या वरच्या कोपऱ्यात. भिंतीच्या कंट्रोलरचं मॅपिंग बहुधा त्या कोपऱ्यापासून सुरू होतं आणि पिक्सेलला पिक्सेल मिळतो. मंडळाच्या लोकांना फाइल उघडून दाखवली तेव्हा सगळे गप्प झाले, "एवढंसंच?" समजावून सांगावं लागलं.

२३ ऑगस्ट, शनिवार

भिंत उभी राहिली, रात्री चाचणी. चित्र मापात बसलं. ऑपरेटरने आधी प्लेअर फुल स्क्रीनऐवजी खिडकीत चालवला होता, त्यामुळे वर प्लेअरची पट्टी दिसत होती. फुल स्क्रीन आणि विंडोजचं डिस्प्ले स्केलिंग १०० टक्के, मग नीट.

बारीक अक्षरं गेली. कॉम्पमध्ये ४ पिक्सेलहून पातळ रेघ भिंतीवर २ पिक्सेलचीही राहत नाही, वेलांट्या आणि रफार एकमेकांत मिसळतात. फोटोंखालच्या ओळी बोल्ड केल्या, आकार कॉम्पमध्ये ८० च्या वर नेला, दोन ओळींची एक केली.

रात्री भिंतीचा उजेड ३० टक्क्यांवर आणतात, मग काळ्या-पांढऱ्या फोटोंच्या अंधाऱ्या भागांत पायऱ्या दिसायला लागतात. त्या फोटोंवर २ टक्के नॉइज, म्हणजे बारीक दाणा, टाकला. पुरात भिजलेल्या फोटोंचे डाग उजेडात जास्तच उठून दिसले. मंडळ म्हणालं, ते डाग राहू द्या. राहू दिले.

ढोलाचा सुरुवातीचा भाग स्पीकरवर जास्त झाला, एकूण आवाजातून ४ डेसिबल उतरवला. फेरीच्या शेवटी ८ सेकंद काळा पडदा जोडलाय, आरतीच्या वेळी ऑपरेटरला थांबवायला जागा हवी. त्याला दोन पेन ड्राइव्ह दिले, दोन्हीवर तीच एक फाइल, दुसरं काही नाही.